टेप मॉनिटर

इंदोरा, मे महिना. कूलर बंद केला,
नाहीतर काय ऐकू येणार.

रिसीव्हरच्या पाठीशी टॉर्च घेऊन बसले :
टेप आऊटमधून लाल-पांढरी वायर
इक्वलायझरच्या इनला,
तिथून परत टेप इनला.
म्हणजे आवाजाने माहेरी जाऊन यायचं.

फरक शून्य.
‘काहून वं?’ मामाजी म्हणाले.
बटण दाबायचं राहिलेलं.

चाळीस वर्षं गिरणीतल्या मागांनी
त्यांच्या कानातली वरची पट्टी खाल्ली.
उजवीकडच्या चार कळा
मी टोकाला ढकलल्या.
मला खिळे टोचल्यासारखं झालं,
ते मात्र पुढे सरकले.

कव्वाली संपली. टाळ्या.
टाळ्यांमागे कुणीतरी खोकललं.

‘रूपचंद,’ ते म्हणाले. ‘साचाखात्यातला.
छातीत कापूस होता त्याच्या.’

मग कॅसेट मागे घ्यायला लावली,
फक्त खोकल्यापुरती.