मुठीपुरती शेपटी

बसा, वहिनी. आधी त्याची साखळी सोडा.
नाव काय म्हणालात, मोती? असू दे.

सोफा फाडला.
मोगऱ्याच्या तिन्ही कुंड्या उकरल्या.
झाडूवालीच्या झाडूशी रोजची कुस्ती.
आणि रात्री दोनला उठून
फ्रिजच्या फटीत नाक खुपसून तासभर उभा.
भुंकत नाही, नुसता उभा.
तुम्ही म्हणता, बिघडलाय, इंजेक्शन द्या.

मी कंपाउंडर. एकतीस वर्षं
इंदूरच्या गुरांच्या दवाखान्यात टाके घातले.
देईन की इंजेक्शन. पण कशावर?

जरा शेपटी धरा त्याची. धरा, चावत नाही.
बरोबर एक मूठ भरते ना?
कापणाऱ्यानं फॅशन म्हणून कापली असेल,
माप मात्र जुनं आहे.
बिळात शिरलेला हा, कोल्ह्यासमोर,
श्वास कोंडला तरी मागे सरत नाही.
मग वरचा माणूस चिखलात पालथा पडतो,
खांद्यापर्यंत हात आत घालतो
आणि हाताला लागेल तेवढ्या शेपटीला धरून
ओढतो.
ओढून काढल्यावर हा उपकार मानत नाही.
परत आत जातो.

पांढरा का, तर धुक्यात
बिळातून कोल्हा निघाला की आपलाच, ते कळावं.
छाती दोन पंजांत मावेल एवढीच,
नाहीतर कोल्ह्याच्या वाटेनं जायचं कसं?
प्रत्येक अवयवावर कुणाची तरी गरज लिहिलीय.
तुमच्या दिवाणखान्याची तेवढी नाही.

माझे वडील महूच्या छावणीत
साहेबांच्या कुत्र्यांचा भात शिजवायचे.
साहेब गेले, बोटीत जागा नव्हती म्हणून
जिन्नी नावाची एक मागे राहिली.
ज्वारीच्या भाकरीवर तिनं पाच विती काढल्या.
हुकूम इंग्रजीत ऐकायची, शिव्या माळवीत.
तिची नात मी पाहिलीय.
साप दिसला तर आम्ही मुलं पळायचो,
ती सापाकडे पळायची.
आपण केवढे आहोत, हे या जातीला
कुणी सांगितलेलंच नाही.

मोती तिच्यातला असेल असं नाही म्हणत मी.
कानाची घडी तशीच आहे, एवढंच.

आता एक कबूल करतो.
गुरुवारी तुम्ही उज्जैनला गेलात,
हा माझ्याकडे होता. घरी ठेवला नाही.
छावणीच्या धान्यमंडीत माझा एक ओळखीचा शेठ आहे,
त्याच्या गोदामात हरभऱ्याची थप्पी.
हमालानं खालची गोणी हलवली
आणि वहिनी, तुमचा हा दंगेखोर
एकदम गप्प झाला.
टाके घालताना जुने डॉक्टर गप्प व्हायचे ना, तसा.
मान, झटका, टाकला. पुढचा.
मान, झटका.
सतरा. खाल्ला एकही नाही.
शेठनं मोजून बाजूला लावले,
जसा हिशेबच द्यायचा होता कुणाला.

घरी येऊन वाटीभर ताकभात खाल्ला
आणि उताणा पडून सकाळपर्यंत झोपला.
फ्रिजकडे फिरकला नाही.

ओठाखाली एक टाका आहे.
तुम्ही विचारलंत तेव्हा कुंपणाची तार म्हणालो.
तार नव्हती.
आणि इंजेक्शन म्हणालात ना, ते दिलंय,
मागच्याच महिन्यात,
उंदरांच्या मुतातून होणाऱ्या काविळीवरचं.
मला तेव्हाच ठाऊक होतं मी काय करणार ते.

तो बिघडलेला नाही, वहिनी.
तो काम शोधून राहिलाय.
अंगणात एक खड्डा त्याच्या नावानं सोडा,
रोज तास दीड तास पळवा,
केसांना खरखरीत ब्रश,
आणि रागवाल तर एकदाच रागवा,
दुसऱ्यांदा तो ऐकत नाही, वाद घालतो.

दर गुरुवारी माझ्याकडे द्या.
आणि साहेबांनाही पाठवा बरोबर.
रिटायर झाल्यापासून दिवसात चारदा गाडी पुसतात,
तुम्हीच म्हणालात.
गोण्या हलवायला
एक माणूस लागतोच.