चतुःसीमा

फॉर्मात चार रकाने होते,
प्रत्येक दोन बोटं रुंद.
मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडे शीव म्हणजे
शेंदूर फासलेला दगड
आणि त्यावरून तीन पिढ्यांचे खटले.
वाटलं, कोळीवाड्याची मोजणी दुपारपर्यंत आटपेल.

पूर्वेस रस्ता.
खाजणावर भराव टाकून केला तेव्हा
तिवरांत ओढून ठेवलेली एक होडी खालीच राहिली म्हणतात;
दरवर्षी त्याच जागी खचतो.
मी लिहिलं: रस्ता, बारा मीटर.

उत्तरेस नाला,
जो हरकूबायच्या लग्नात खाडी होता.
"वरात यातूनच आली," ती म्हणाली,
बोंबील वलांडीवर अडकवता अडकवता,
माझ्याकडे न बघता.

दक्षिणेस क्रूस, प्लेगाच्या सालातला.
नवस फेडायला हरकूबायही तिथं मेणबत्ती लावते.

पश्चिमेस मी विचारायच्या आधीच
'समुद्र' लिहून टाकलं होतं.

तिनं हात पदराला पुसले.
"समिंदर काय शेजारी हाय आमचा?"
आणि जोमा नाखव्याला हाक मारली.

नाखव्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
त्यानं नकाशावर बोट ठेवलं, किनाऱ्यावरून सरकवलं,
कागद संपला तरी थांबला नाही,
सोसायटीच्या टेबलावर उतरला.
"ह्यो पयला खुंट."
मी कागद उलटा करून त्याच्या बोटाखाली सारला.

सहा वाव पाणी. इथं शिसं सोडलं
की तळाच्या मेणाला काळा गाळ चिकटून येतो,
जिभेला गोडसर. म्हणजे करंदी.
पुढं वाळू.
पुढं खडक, नाव सासू, जाळी फाडते म्हणून.
त्याच्या अंगाला बाळ्याची झोप.
कोण बाळ्या ते त्यानं सांगितलं नाही,
तिथून होडी नेताना इंजिनही हळू करतात एवढंच.
मग खुंटांची वाटणी: हा पणज्याचा, हा वैत्यांचा,
हा जावयाला दिला, त्यावरून दोन भाऊ
अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत.
तेव्हा मला पहिल्यांदा
आपल्या मुलखात असल्यासारखं वाटलं.

"पण पाण्यात खूण कशी ठेवता?"
तो हसला.
पाण्यात नाय. खूण जमिनीवर.
गिरणीची चिमणी चर्चच्या मनोऱ्यामागं लपली
आणि टेकडीवरचा ताड देवळाच्या कळसाला टेकला
की होडीखाली सासू.
दोन रेषा, एक बिंदू.
मीही तेवढ्यावरच पोट भरतो.

चिमणी पाडली त्या वर्षी
सासूनं तीन जाळी खाल्ली.
ताड विजेनं गेला.
मनोरा अजून आहे, पण त्याच्यापुढं
त्रेचाळीस मजले.
"तिथं राहतो त्याला काय ठावं," नाखवा म्हणाला,
"त्याच्या गॅलरीमागं आमचा खडक बुडलाय."

नातवाकडं यंत्र आहे.
सासू त्यात सतरा नंबरचा ठिपका.
"बरोबर दाखवतं?"
"बरोबर दाखवतं."
बराच वेळ तो गप्प होता.
"पन तिला शिव्या देत नाय."

ऑफिसात मी दोन्ही बाजू जोडून दिल्या.
प्रत काढणाऱ्यानं एकच काढली, पुढची.
पश्चिमेस: समुद्र.
सही, शिक्का, जावक क्रमांक.

मूळ कागद माझ्या ट्रंकेत आहे.
पाठीवर पेन्सिलीनं नऊ नावं,
आणि अगदी कडेला एक तेलकट डाग,
नाखव्याचं बोट जिथं थांबलं तिथं.
थोडं पुढं घ्या ना, मी म्हणालो होतो,
कागद शिल्लक आहे.
त्यानं हात मागं घेतला.
तिथून पुढं, म्हणाला,
दुसऱ्या गावाची शीव.