डब्याचं दुसरं टोक

झांझिबार. पाजेचा किनारा.
वीस वर्षं म्वानाइशा गुडघाभर पाण्यात
समुद्रशेवाळाच्या दोऱ्या बांधते आहे.
गुडघ्याच्या वरचा समुद्र तिचा नव्हे,
तो हमादीचा,
परत न आलेल्या भावाचा.

स्पंजांची दोरी मात्र खोल पाण्यात लावतात.
तिला स्वतःच्या नावाची एक हवी आहे.
एकच.

आज कंबर. मग छाती.
तेलाचा रिकामा पिवळा डबा पोटाशी कवटाळून
ती पाय सोडते.
नाकातोंडात पाणी, डोळ्यांत मीठ,
काठावरची सून हसते आहे की रडते
कळत नाही.

भीतीही आली आहे सोबत,
डब्याचं दुसरं टोक धरून.
म्वानाइशा खोकत खोकत तिला दटावते,
"नुसती लटकू नकोस.
पाय मार."