पन्नास मीटरची चौकट

चोडणच्या खाजनावर मी जाळं टाकलं
ते माशांसाठी नव्हे.
नकाशावर पन्नास-पन्नास मीटरच्या चौकटी,
प्रत्येकीला एक खोली, एक पातळी, दोन वेग
आणि बाकी सगळ्याचं सरासरीत विसर्जन.
बारा-सात या चौकटीत
चुन्याचा एक खुरीस आहे, तिवरांची ओळ,
कुणाची तरी पालथी घातलेली होडी.
मी तिथे लिहिलं: एक पूर्णांक चार.

समुद्राला शेवटच्या रांगेत नोकरीवर ठेवला.
बारा तास पंचवीस मिनिटांनी चढ,
मग उतर, बाकी काही बोलू नकोस.
तो खरंच बोलला नाही.

चिखलाच्या खरखरीतपणाला आकडा लागतो.
पुस्तकात नदीचा होता, सिमेंटच्या कालव्याचा होता,
तिवरांच्या मुळांचा नव्हता.
मी हवा तसा एक घेतला
आणि अहवालात लिहिलं, 'योग्य विचारांती'.

पहिल्या रात्री पाणी आकाशात गेलं.
सतराव्या मिनिटाला मांडवी चाळीस मीटर उंच,
अठराव्याला तिची उंची ही संख्याच उरली नाही.
चूक साधी होती, माझं पाऊल मोठं होतं:
पंधरा सेकंदांत लाट दोन चौकटी ओलांडते
आणि मधलीला पत्ताच नसतो
आपल्यावरून कोण गेलं.
पंधराचे पाच केले.
पाणी शहाण्यासारखं खाली बसलं.

मग नेहमीचं. आधी अंदाज, मग दुरुस्ती,
मग दुरुस्तीची दुरुस्ती,
आणि तरी काहीतरी शेष.
शून्य कधी येत नाही.
दशांश चिन्हापुढे पाच शून्यं दिसली
की आपणच म्हणायचं, पुरे.
सहा वर्षं मी 'पुरे' म्हणण्याचा पगार घेतला.

रायबंदरच्या फेरीबोटीतून पलीकडे गेले
तेव्हा इनास रिबेलो मानशीवर बसला होता,
पाय पाण्याच्या बाजूला सोडून.
खांबावर कोयत्याच्या तीन खुणा, बापाच्या वेळच्या;
चौथी त्याची, वीतभर वर.
मी सांगितलं, आज भरती दोन दहाला.
त्यानं मान वळवली, पाण्याकडे नव्हे, माडांकडे.
"आयज वारो आसा," म्हणाला.
वारा मी घेतला नव्हता.
दोन पंचवीसला लाकडी दारं आपणहून मिटली,
आत भात, बाहेर खारं पाणी,
मधे एक बारीक किरकिर.

परतताना बांधावर त्यानं टाच रोवली.
टाचेखाली भोक, दोन बोटं रुंद.
ओंजळभर चिखल कोंबून वर पाय दाबत त्यानं विचारलं,
"तुज्या कॉम्प्युटरांत कुल्ल्यो आसात?"
चौकट पन्नास मीटरची आहे, मी म्हटलं.
"म्हळ्यार ना."

चौकट निम्मी केली की काम आठपट होतं.
दोन बोटांपर्यंत पोचायला
अकरा वेळा निम्मी करावी लागेल.
बोटीत गुणाकार सुरू केला, आठ, चौसष्ट, पाचशे बारा,
आणि समोर धक्का येण्याआधीच सोडून दिला.

ऑगस्टातल्या अमावास्येला बांध गेला,
बारा-सातमध्येच.
त्या रात्री इनास मडगावला इस्पितळात होता,
डोळ्याच्या ऑपरेशनसाठी.
माझ्या पडद्यावर सगळं अभिसारी होतं,
शेष शून्याच्या अगदी शेजारी.
खाऱ्या पाण्यात भात तीन दिवस उभं राहिलं, मग पिवळं पडलं.

आता एकशे चाळिसाव्या ओळीशी,
जो मजकूर यंत्र वाचत नाही अशा जागी,
मी लिहून ठेवलंय:
इनासला विचारणे,
रात्री बांधावर किती वाजता फिरतो
आणि सुरुवात कुठल्या टोकापासून.