सोमल

शब्द किती मऊ आहे. सोमल.
लहानपणी वाटायचं एखाद्या मुलीचं नाव असेल,
कोमलची धाकटी बहीण.
बाबा सांगायचे, आज अर्धं घमेलं सोमल घातला,
आई जशी म्हणायची, आज आमटीत गूळ जरा जास्त पडला.

वडोदऱ्यात रेल्वेफाटकापलीकडे काचेचा कारखाना.
भट्टीपाशी उभं राहणाऱ्यांचा मान मोठा,
त्यांना दुपारी ताक मिळायचं.
बाबा मिक्सिंग खात्यात:
वाळू, सोडा, चुनखडी,
आणि वरून ती पांढरी पूड, तांदळाच्या पिठासारखी.
तोंडावर आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी.
कशाला घालतात हो तो?
'बुडबुडे जावेत म्हणून.
रस उकळतो तेव्हा आत हवा अडकते,
सोमल तिला हाकलतो.
मग काच अशी निवळते, की नाहीच म्हण.'

वाळूची पोती उतरवायला छितुभाई राठवा,
छोटाउदेपूरकडचा. आधी खाणीत होता.
'तिथे दगडाचा धूर, इथे दगडाचं पीठ,' म्हणायचा
आणि हसण्यातून खोकल्यात जायचा.
एका होळीला गावी गेला.
त्याचा डबा खिळ्यावर लटकत होता,
दिवाळीच्या साफसफाईपर्यंत.

बाबांचे तळवे आधी बोलले.
कातडीच्या आत कण्या पेरल्यासारखे बारीक खडे.
माझ्या केसांना तेल लावायला बसले की केस अडकत,
आई म्हणायची, राहू द्या, मी लावते.
पाठभर फिक्कट ठिपके,
धुळीवर चार थेंब पडून वाळावेत तसे.
आम्ही मलमं लावली.
माझ्या लग्नात शालूचा पदर सावरायला गेले
तर जरीचा धागा ओढला गेला.
सगळ्या फोटोंत त्यांचे हात पाठीमागे आहेत.

खोकला आला तेव्हा
कारखाना पाडून बावीस वर्षं झाली होती.
दवाखान्यात पहिला प्रश्न: विडी?
बाबा खरं बोलणारे.
'जेवणानंतर एक.'
झालं.
रकान्यात एकतीस वर्षं मावत नव्हती,
विडी मावली.

पुढच्या खेपेला दुसरी डॉक्टर, हेतल परमार,
माझ्या मुलीच्या वयाची.
छातीचा फोटो दिव्यावर लावण्याआधी
तिने बाबांचा हात उताणा केला,
तळव्यावरून अंगठा फिरवत राहिली.
'काका, तमे शुं काम करता हता?'
घराबाहेर जन्मभर गुजराती बोललेला माणूस
मराठीत म्हणाला,
'बुडबुडे काढायचो.'

ती थांबली. मी उलथा करून सांगितलं.
तिने बराच वेळ काहीतरी लिहिलं.

नुकसानभरपाईच्या अर्जाला हजेरीपट हवा होता.
मिळाला तो फाटका, आणि त्यात
गजानन विठोजी धायबर, परचुरण मजूर.
मिक्सिंग नावाचं खातंच कुठे नव्हतं.
तारखा पडत गेल्या. तिसरीला मी एकटीच गेले.

आईकडे त्या कारखान्याची एक बाटली उरली आहे,
खोकल्याच्या औषधाची, बुडाशी छाप.
तिच्यात ती ओवा ठेवते.
परवा मी ती खिडकीत धरली.
मानेजवळ एक बुडबुडा आहे, मोहरीएवढा.
त्या दिवशी बाबा रजेवर असतील,
किंवा छितुभाईशी बोलता बोलता
हात आखडला असेल.
इतक्या वर्षांपूर्वीची हवा,
अजून तिथेच, कुणीही न घेतलेली.

आई मागून म्हणाली,
दे इकडे. फोडशील.