तिवरबंदरचा बोर्ड

ग्रामपंचायतीने कबूल केले अक्षरामागे नऊ रुपये,
काना-मात्रा फुकट.
जेटीच्या तोंडाशी पिवळा पत्रा, वर ठळक :
तिवरबंदर – प्रेक्षणीय स्थळे.
खाली मी सात ओळी आखल्या.
सरपंच हर्षदाताई तांडेलांच्या यादीत चारच.

दीपगृह. वेळ चार ते पाच.
किल्ली साळगावकरांकडे, साळगावकर बहुतेक कणकवलीला.
पडका बुरूज, ज्यावर बोंबील वाळतात;
त्याचं तोंड अजून शत्रूकडे आहे,
शत्रू कोण ते गाव विसरलं.
खाडेश्वरीची घंटा, कुठल्याशा फुटलेल्या जहाजाची.
वाजली की देवीच्या आधी
पलीकडच्या काठावरचं कुत्रं जागं होतं.
आणि सड्यावर कातळात खोदलेला मासा,
बावीस पावलं लांब.
कोणी खोदला, माहीत नाही.
शेपटीत पाणी साचतं, त्यात बेडूक.

तीन ओळी उरल्या.
दुपारपर्यंत अख्खा गाव शिडीखाली.
तरीवाला दाऊद मुकादम दोर आवळता आवळता म्हणाला,
"सुकतीक वाळूचो दांडो उघडो पडता, तो घाल.
टायम लिहू नको. रोज पाऊण तास उशिरान येता."
शाळेतली पोरं ओरडली, "मास्तरांची स्कूटर!"
अनसूया खोबरेकरणीने टोपली उतरवली,
"माझो तिसरो झील तरीत जल्माक इलो,
खाडीच्या मधोमध. जागा दाखवीन,
पण थंय बघण्यासारख्या काय हा?"

ब्रश थिनरमध्ये बुडवून मी बसून राहिलो.
शेवटी होडीच्या डांबराने एक बाण काढला, खाडीकडे.
बाणाचे पैसे पंचायतीने दिले नाहीत.

दोन पावसाळे झाले.
खारा वारा रंग चाटतो, बकरी भिंत चाटते तसा.
आधी 'प्रे' गळाला,
आता वर उरलंय : क्षणीय स्थळे.
दीपगृहातला दीप गेला, गृह आहे.
बाण मात्र काळाकुट्ट, जसाच्या तसा.

गेल्या रविवारी कऱ्हाडचं एक कुटुंब
बाणामागे चालत थेट चिखलात.
आजोबा गुडघाभर रुतलेले, चपला हातात,
आणि नात हसतेय, थांबतच नाही.
दाऊदने तर वळवली, एकेकाला वर ओढलं.

मधोमध पाण्यात आल्यावर
त्याने वल्हं थांबवलं जरा.
का, ते सांगितलं नाही.
त्यांनीही विचारलं नाही,
इकडेतिकडे बघत राहिली सगळी.