सतरा नंबर

एकूण एकेचाळीस.
मीच पुरल्या, मीच मोजल्या,
वरूडच्या पुढच्या त्या संत्र्याच्या बागेत,
एक ओळ सोडून, खोडापासून दीड हात.
वीतभर खोल दांडी, वर पांढरी डबी,
डबीला उंदराच्या शेपटीएवढा अँटेना.
झिंगरूजी म्हणाला, "पोरी, हे का पेरून राह्यली व?
उगवन काय याचं काही?"

उगवलं तर.
दर पंधरा मिनिटांनी एकेक डबी डोळा उघडायची,
मातीला विचारायची, शेजारणीला सांगायची,
शेजारीण पुढचीला.
विहिरीचा गाळ काढताना बाया टोपली देतात
तशी हातोहात ती ओल
झाडाझाडांतून गोठ्यावरच्या पेटीत,
पेटीतून टॉवरला, टॉवरहून पुण्याला,
आणि पुण्याहून परत झिंगरूजीच्या पोराच्या फोनवर:
ओळ सहा, ओल तेवीस.
झिंगरूजी तोवर ओळ सहात उकिडवा,
मुठीत माती दाबून, मूठ उघडून:
"आज नाही. परवा."
फोनही म्हणायचा, परवा.
दोघांनी एकमेकांचं कौतुक कधी केलं नाही.

अमरावतीला हॉटेलात बैठक झाली.
मला नेलं, फिल्डवरची मुलगी म्हणून,
अंगात कंपनीचा टी-शर्ट, माझ्या मापाचा नसलेला.
पडद्यावर एक बाण, नुसता चढता.
साहेब सांगत होते, अडीच हजाराची डबी
पाच वर्षांत संत्र्याच्या एका क्रेटच्या भावात येईल,
आधी बागा, मग कापसाची गोदामं, कॅनॉलची दारं,
जंगलाकडेची कुंपणं,
मग झाडागणिक एक.
टाळ्या.
मी बोटांवर गुणाकार करत होते,
तालुक्यात झाडं किती, बॅटऱ्या किती,
बदलणारी मी एक.
विचारलं तेही. "चांगला प्रश्न," साहेब म्हणाले,
आणि वहीत लिहून घेतला.
क्रेट कोणती, अंब्याची की मृगाची, कोणत्या आठवड्याची,
हे विचारायचं राहिलं. जेवण लागलं होतं.

डिसेंबरात बाग ताणावर सोडली.
ताण म्हणजे काय हे पुण्याला समजावण्यात
माझा एक अख्खा रिचार्ज गेला:
पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची,
झाड भ्यालं की फुलतं,
पण किती भिववायचं हे ज्याला कळतं त्याचीच बाग.
तिकडं पडद्यावर एकेचाळीसच्या एकेचाळीस लाल.
फोनवर फोन. पाणी द्या, पाणी द्या.
झिंगरूजी बांधावर तंबाखू मळत:
"वरडू दे त्याइले."

जानेवारीत ताण सोडला.
त्याच महिन्यात कंपनीचं पाणी तुटलं.
कुण्या मोठ्या कंपनीनं घेतली म्हणे,
तिला बागा नको होत्या,
शहरातल्या नळांचे मीटर हवे होते.
मला निरोप आला, डब्या उपटून आण,
पेटी आधी.

बाग फुलली होती. खाली पांढरा सडा,
सड्यात पांढऱ्या डब्या.
चाळीस मिळाल्या. सतरा नाही.
हातातल्या यंत्रात मात्र बोलत होती ती.
शेजारी सोळा नाही, अठरा नाही, गोठ्यावर पेटी नाही,
तरी दर पंधरा मिनिटांनी
ओल एकतीस.
ओल एकतीस.

"कोनासंग बोलते ते?" झिंगरूजीनं विचारलं.
कुणाशीच नाही, म्हटलं.
तो बसला, मूठ दाबली, उघडली.
"एकतीस?"
मग बराच वेळ काही नाही.
"असन."

फॉर्मवर मी लिहिलं: परत चाळीस.
शेऱ्याच्या रकान्यात पेन ठेवलं, उचललं.
"तिले खायाले काय लागते?"
दोन सेल. वर्षभरानं.

पुढच्या बाजाराला गेला तेव्हा
त्यानं दोन सेल आणले, भाव करून,
आणि मेथीच्या बियांच्या डब्यात ठेवले.